पेपानी

मागच्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या जिन्यावर एक बाई पाय घसरून पडल्या. मुलांच्या वॉर्डात त्यांचा नातू दाखल होता आणि त्या घरून जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा हातातून सुटला, झाकण गडगडत खालच्या मजल्यापर्यंत गेले, भाकरी एका पायरीवर पडली आणि वरणाचा ओघळ तिच्याखालच्या तीन पायऱ्या उतरत गेला. मी राउंड संपवून खाली येत होते. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवताना माझ्या तोंडून 'पेपानी' असा शब्द निघाला. तो त्यांना कळला नाही हे चेहऱ्यावर दिसले, म्हणून मी घाईने 'सॉरी' म्हटले. त्यावर पदराने गुडघा पुसत त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला सॉरी म्हणता बाई? तुम्ही थोडंच पाडलं मला?"

बोलणे तेवढ्यावरच संपले. सफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या, मी कँटीनमधून डबा भरून देण्याची सोय केली आणि ओपीडीत जाऊन बसले. पण ते वाक्य दिवसभर मागे लागून राहिले आणि नंतरही सुटले नाही. आपल्याकडे कोणी पडले की लोक काय म्हणतात, याकडे मी कान देऊ लागले. मोठ्या माणसाला आपण 'बघून चालावं ना' म्हणतो, फार तर 'लागलं का?' विचारतो. लहान मूल पडले तर आजी त्याला उचलून कडेवर घेते आणि ज्या फरशीवर ते पडले तिला दोन चापट्या मारते, 'हात् मेली फरशी, माझ्या बाळाला पाडते काय!' मूल रडायचे थांबते, कारण गुन्हेगार सापडलेला असतो. क्षमा मागायची तर चूक कोणाची हे आधी ठरले पाहिजे, असा आपल्या बोलण्याचा रिवाज आहे. तोच रिवाज बरोबर घेऊन मी आफ्रिकेतल्या मलावीला गेले होते.

तिथल्या चिचेवा भाषेत 'पेपानी' म्हणायला चूक लागत नाही. रस्त्याने जाताना तुम्हाला ठेच लागली, तर पलीकडच्या कडेने चाललेला अनोळखी माणूसही 'पेपानी' म्हणतो. डोक्यावरचे ओझे जड असले, मिनीबस चुकली, ताप आला, घरात कोणी गेले, तरी शब्द तोच. आणि स्वतःच्या हातून काही चुकले, कोणाच्या पायावर पाय पडला, तरीही तोच. तिथले लोक इंग्रजीत बोलतानाही 'सॉरी' याच अर्थाने वापरतात, त्यामुळे भाषा बदलूनही सुटका होत नाही. हा अर्थ मला पहिल्या आठवड्यात सांगितला गेला होता. मी तो वहीत लिहूनही घेतला होता. कळायला मात्र फार वेळ लागला.

मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे गेले आणि दीड वर्ष राहिले. त्याआधी मलावीतले एकच नाव मला ठाऊक होते आणि ते गावाचे आहे हेही माहीत नव्हते. बालरोगशास्त्रात एम.डी. करताना, मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेल्या मुलाची शुद्ध मोजण्यासाठी आम्ही ब्लँटायर कोमा स्केल पाठ केले होते : डोळ्यांना १, हालचालीला २, आवाजाला २, एकूण ५. ब्लँटायर हे कोणा संशोधकाचे आडनाव असावे अशीच माझी समजूत होती. चिलेकाच्या विमानतळावरून शहरात येताना दुकानांच्या पाट्यांवर ते नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले, तेव्हा अंगावर काटा आला. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधल्या जन्मगावावरून या शहराला नाव मिळाले आणि १९८० च्या दशकात इथल्याच बेशुद्ध मुलांच्या उशाशी बसून ते मोजमाप तयार झाले. मी त्या मुलांचे गुण मोजायला शिकले होते, पण ती मुले कुठली हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

शहरातून पूर्वेला निघालेला रस्ता थ्योलोच्या चहाच्या मळ्यांतून मुलांजे डोंगराकडे जातो. त्या भागात, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर, आमचे रुग्णालय होते. भिंती विटांच्या, छत पत्र्याचे, भोवती निळ्या फुलांच्या जकरंदाची झाडे. प्रत्येक खाटेला एक रुग्ण आणि खाटेखाली त्याची सोबतीण. तिला तिथे 'गार्डियन' म्हणतात. रुग्णाला आंघोळ घालायची, त्याचे कपडे धुवायचे, आवाराच्या मागच्या शेडमध्ये तीन दगडांवर मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवून त्याला भरवायची, हे सगळे तिचे काम. सकाळी वॉर्डात शिरले की स्पिरिटच्या आधी लाकडाच्या धुराचा वास येई. मला त्यात परके काही वाटले नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांच्या व्हरांड्यांतही हाच संसार मांडलेला असतो. मला नवल वाटले ते तिथल्या हेल्थ पासपोर्टचे. ही एक पातळ वही. रुग्णाची लहानपणापासूनची सारी नोंद तिच्यात, आणि ती वही रुग्णाच्या स्वतःच्या ताब्यात. गळक्या छपराच्या घरात राहणारी बाई ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चितेंजेच्या म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या छापील कापडाच्या गाठीत बांधून, कोरडी ठेवून आणीत असे. आपल्याकडे फाइल हरवली म्हणून रुग्णावर ओरडताना मला आता त्या गाठी आठवतात.

तिथे डॉक्टर फार थोडे. देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालयच १९९१ मध्ये सुरू झाले. खेड्यापाड्यांतली रुग्णालये चालवतात ते क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यावर एक वर्षाची उमेदवारी केलेले लोक. जिल्ह्याच्या रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियनसुद्धा तेच करतात. आमच्याकडचा सर्वांत अनुभवी क्लिनिकल ऑफिसर नुसत्या पापण्या उघडून आणि तळहात पाहून हिमोग्लोबिन किती असेल ते सांगे आणि प्रयोगशाळेत रसायन असलेच तर आकडा त्याच्या अंदाजाच्या आसपासच निघे. मी शिकवायला गेले होते, असे माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिले होते. पहिले दोन महिने मी त्याच्याकडून शिकत होते.

मग पाऊस सुरू झाला. नोव्हेंबरपासून डास वाढतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गेल्या वर्षीचा मका संपलेला व नवा हाती न आलेला, म्हणजे भूक आणि मलेरिया दोन्ही एकदम येतात. मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन, मग तीन मुले. रक्त द्यायचे तर पिशवी नाही. पिशवी मिळाली तर गट जुळवायचे द्रावण संपलेले. साखर तपासायच्या पट्ट्या एका देणगीतून आलेल्या आणि मीटर दुसऱ्या देणगीतून, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, त्यामुळे कपाट भरलेले असून एकाही मुलाची साखर मोजता येत नसे. मागच्या एका खोलीत भेट आलेली यंत्रे धूळ खात होती. त्यांतली काही ११० व्होल्टची होती आणि ती कोणीतरी २३० व्होल्टच्या बोर्डाला जोडून पाहिलेली होती. रोज सकाळी काहीतरी नसे आणि जे नसे ते का नाही, याचे उत्तर कोणाकडेच नसे. सगळे मला एवढेच म्हणत, "पेपानी, अडोकोटाला." अडोकोटाला म्हणजे डॉक्टर.

टंचाई मला नवीन नव्हती. मराठवाड्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात माझे शिक्षण झाले. तिथे सलाइनच्या बाटल्या संपलेल्या मी पाहिल्या आहेत. पण तिथे कोणाला फोन करायचा, कोणाच्या टेबलासमोर ठाण मांडायचे, कोणत्या वॉर्डातून उसनवारी करायची, हे मला माहीत होते. आवाज चढवला की कुठून तरी एक बाटली निघे, हा माझा अनुभव होता, आणि आवाज चढवणे हे रुग्णाच्या बाजूने उभे राहणेच आहे, असे मी मनापासून मानत होते. तिथे कोणीच आवाज चढवत नव्हते. सकाळी कामावर आल्यावर प्रत्येकजण प्रत्येकाला 'म्वाद्झुका ब्वान्जी', कसे उठलात, असे विचारी आणि उत्तर येईपर्यंत थांबे. मी दारातूनच 'ऑक्सिजन आला का?' विचारीत आत शिरायची. लोक क्षणभर माझ्याकडे पाहत आणि मग उत्तर देत. त्या क्षणभरात काय होते, ते मला दिसत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी परदेशी डॉक्टरांच्या घराच्या व्हरांड्यात बैठक जमे. एक जर्मन सर्जन, दोन डच विद्यार्थी, अधूनमधून कोणी पाहुणे आणि मी. समोर मुलांजेचा कडा, त्यावर ढग बसलेले, खाली मळ्यांची हिरवी गादी अंधारात बुडत चाललेली. 'कुचे कुचे' नावाची तिथली बिअर असे. त्या शब्दांचा अर्थ पहाटेपर्यंत. मी चहा घेऊन बसे. आठवड्यात काय काय बिघडले, याची उजळणी तिथे होई, आणि ती ऐकताना छाती हलकी होत असे हे मला नाकारता येणार नाही. आपल्यासारखाच संताप दुसऱ्यालाही येतो, हे ऐकण्याची त्या दिवसांत फार गरज होती. एकदा बोलणे ऐन रंगात असताना फाटकातून 'ओदी' अशी हाक आली. येऊ का, असे विचारण्याची ती तिथली रीत. आमच्या नवजात कक्षाची सिस्टर औषधांच्या कपाटाची किल्ली देण्यासाठी आली होती. आम्ही सगळे एकाएकी गप्प झालो. तिने प्रत्येकाची विचारपूस केली, किल्ली दिली आणि ती गेली. नंतर कोणी काही बोलले नाही, पण त्या शुक्रवारनंतर मी तिथे कमी जाऊ लागले.

सिस्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. मी पोचल्यावर महिन्याभरातच तिने मला घरी जेवायला बोलावले. दोन खोल्यांचे घर, पुढे झाडून लख्ख केलेले अंगण. जेवणाआधी तिच्या धाकट्या मुलीने माझ्यापुढे गुडघे टेकून जगमधून माझ्या हातांवर पाणी घातले. मी संकोचून उठू लागले, तेव्हा सिस्टरने खांद्यावर हात ठेवून मला बसवले. न्सिमाबरोबर एका वाडग्यात हिरवट तपकिरी दाण्यांचे कालवण आले. पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबले. ती ओल्या तुरीची चव होती. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातले. थंडीत तुरीच्या शेंगा सोलून केलेली सोल्यांची भाजी मी किती वर्षे खाल्ली असेन. सिस्टरने मला घरामागे नेऊन दाखवले. मका काढून झालेल्या वाळक्या ताटांच्या मधून तुरीची झाडे शेंगांनी लगडून उभी होती, आमच्याकडे कापसात तुरीचे तास असतात तशीच. त्या लोकांचे हे 'नांदोलो'. अख्खेच शिजवतात, भरडून डाळ करत नाहीत.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे वरण केले. ब्लँटायरच्या लिंबे नावाच्या भागातल्या बाजारात एका गुजराती कुटुंबाचे दुकान होते. ते मला 'बेन' म्हणत आणि माझ्यासाठी हिंग राखून ठेवत. भारतीयांना तिकडे 'अम्वेन्ये' म्हणतात. एकेकाळी खेड्यापाड्यांच्या बाजारांतही त्यांची दुकाने होती. १९७० च्या दशकात सरकारने त्यांना खेडी सोडून मोठ्या शहरांत जायला लावले आणि आमच्या रस्त्यावरच्या एका बाजारात त्यांच्या जुन्या दुकानांचे खांब अजून उभे होते. तर त्या दुकानातून आणलेली डाळ, हिंग-जिऱ्याची फोडणी, वर गूळ. सिस्टरने न्सिमाचा गोळा वरणात बुडवला, चव घेतली आणि म्हणाली, "हे तर नांदोलोच आहे. त्याची साल तुम्ही का काढून टाकता?" याचे उत्तर मला देता आले नाही. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीकडून वर्षाला ५० हजार टन तूर आणण्याचा करार केल्याची बातमी मी वाचली, तेव्हा घरी कुकरच्या शिट्या होत होत्या, आणि मला तिच्या घरामागचा तो पट्टा दिसला.

अशा माणसावर मी ओरडले.

फेब्रुवारी २०१९ मधली ती रात्र. नवजात कक्षात दोन बाळे बबल सीपॅपवर, म्हणजे नाकातल्या नळीतून हवेचा सतत दाब देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्रावर होती. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात हे स्वस्तातले यंत्र प्रथम वापरून पाहिले गेले, तेव्हा श्वासाचा त्रास असलेल्या नवजात बाळांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के वाचली होती आणि या यंत्रावर ७१ टक्के. त्याच्या पहिल्या नमुन्यात माशांच्या टाकीला हवा देणारे पंप बसवलेले होते. नाव 'पुमानी'. 'कुपुमा' म्हणजे श्वास घेणे, आणि विश्रांती घेणे हाही त्याच क्रियापदाचा अर्थ. आपल्याकडे 'जरा दम घे' म्हणतात तसा. नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडालेले असते आणि यंत्रातून येणाऱ्या हवेचे पाण्यात सतत बुडबुडे येतात. रात्रभर त्या खोलीत मंद आचेवर आधण ठेवल्यासारखा आवाज असे. सव्वाअकरा वाजता वीज गेली आणि तो आवाज थांबला.

पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की एकमेकींचे बोलणे ऐकू येत नव्हते. जनरेटर होता, पण डिझेलचा पिंप कोठीत कुलपाखाली, आणि कोठीची किल्ली ज्याच्याकडे तो कामगार वीस किलोमीटरवरच्या गावी मलिरोला, म्हणजे मयतीला गेला होता. दुसरी किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे, तोही त्याच मयतीला. राखीव सिलिंडर उघडून पाहिला तर रिकामा. दोघांपैकी एक बाळ थोरले होते, ते स्वतःच्या बळावर श्वास घेत राहिले. दुसरे १,२०० ग्रॅमचे होते. मी त्याच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. मिनिटाला चाळीस वेळा. दाबायचे, सोडायचे, थांबायचे. बाळाची छाती माझ्या तीन बोटांएवढी. सिस्टरने मोबाइलचा दिवा दातांत धरून हृदयाचे ठोके मोजले, दिवा काढला आणि म्हणाली, "पेपानी, अडोकोटाला."

माझा तोल गेला. पेपानीने ऑक्सिजन येतो का, असे मी ओरडले. इथे रोज कोणी ना कोणी मरते आणि तुम्ही सगळे रोज मयतीला जाता, पण एक किल्ली खिळ्याला लावून जाण्याचे कोणाला सुचत नाही, असेही ओरडले. आणि शेवटी, तुम्हाला कोणाला काही वाटते की नाही, असे म्हणाले. मी इंग्रजीत बोलले होते, पण दाराशी चटईवर बसलेली बाळाची आई उठून उभी राहिली. खोलीतल्या इतर आयाही उठून बसल्या. सिस्टर काही बोलली नाही. तिने हात पुढे करून फुगा माझ्या हातातून काढून घेतला. ओरडताना माझी लय चुकली होती आणि तिकडे माझे लक्षही नव्हते. ती दाबू लागली. प्रत्येक दाबाबरोबर ओठांतल्या ओठांत ती काहीतरी म्हणत होती. जवळ गेल्यावर ऐकू आले, "पुमा, पुमा."

आम्ही आळीपाळीने पहाटे चारपर्यंत फुगा दाबला. तिचा अंगठा थकला की मी, माझा थकला की ती. चार वाजून गेल्यावर छातीला कान लावून तिने माझ्याकडे पाहिले. आईने बाळ मांडीवर घेतले आणि त्याचा चेहरा चितेंजेने पुसला. उजाडल्यावर आजी आली. जिवंत बाळाला बांधतात तसे तिने ते पाठीशी बांधले, वरून दुसरे कापड घेतले, आणि त्या दोघी पावसातून रस्त्याच्या दिशेने चालू लागल्या. फाटकाशी मी उभी होते. आजी थांबली, माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले आणि म्हणाली, "पेपानी, अडोकोटाला."

दुपारी वीज आली. बाटलीतले बुडबुडे पुन्हा सुरू झाले. कामगार परत आला तेव्हा त्याच्या पायांना गुडघ्यांपर्यंत चिखल वाळलेला होता. मी त्याला काही बोलले नाही. बोलण्याचे त्राण नव्हते.

तीन दिवसांनी ड्यूटी बदलताना सिस्टर एकटी सापडली. तिची सलग तिसरी रात्र झाली होती, डोळे सुजलेले. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "पेपानी, सिस्टर." ती हसून 'झिकोमो', धन्यवाद, म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. मी माझ्या चुकीची क्षमा मागितली होती. तिला काय ऐकू आले? सलग तीन रात्री जागल्याबद्दल मी तिला सहानुभूती दाखवली, असेच तिला वाटले असणार. कोणीही ड्यूटी संपवून निघालेल्या नर्सला तेच म्हणतो. क्षमा मागायला माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता, आणि होता तो इतका मोठा की माझी चूक त्यात विरघळून गेली.

त्यानंतर तिच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही आणि तेच मला सहन होत नव्हते. ती रुसली असती, मेट्रनकडे तक्रार केली असती, तर मला कुठे उभे राहायचे ते कळले असते. ती रोज 'म्वाद्झुका ब्वान्जी' विचारी आणि उत्तराची वाट पाही. मीही विचारू लागले. आधी आठवण ठेवून विचारी, नंतर आपोआप.

जूनमध्ये तिची थोरली बहीण वारली. त्या दिवसांत तिकडे चिपेरोनी असते. पूर्वेकडून येणारे गार धुके आणि त्याबरोबर बारीक पाऊस. जाड्याभरड्या घोंगडीलाही लोक चिपेरोनीच म्हणतात. रुग्णालयाच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात आम्ही चौदा जण दाटीने उभे राहून गेलो. वॉर्डात त्या दिवशी निम्मीच माणसे होती, आणि आदल्या वर्षी असते तर मी संतापाने धुमसत वॉर्डातच थांबले असते. बायका घरात चटयांवर पाय लांब करून बसल्या होत्या, भिंतींना टेकून, एकमेकींना चिकटून. पुरुष बाहेर. मला मधे जागा करून दिली. कोणी कोणाशी फारसे बोलत नव्हते. आलेली प्रत्येक बाई दाराशी गुडघे टेके, 'पेपानी' म्हणे आणि बसून घेई. मी तसेच केले. सिस्टरने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी बाई मधूनच गाणे उचली, बाकीच्या त्यात सूर मिसळत आणि पुन्हा शांतता.

स्मशानाला तिकडे 'मांडा' म्हणतात. सगळा मुलूख सरपणासाठी तुटून उघडा झालेला, पण मांडामधल्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही. त्यामुळे दूरवर उंच गर्द झाडांचा पुंजका दिसला की तिथे गावाची मेलेली माणसे आहेत असे समजावे. मला आमच्याकडच्या देवराया आठवल्या. आत शिरलो तेव्हा पानांवरून धुक्याचे थेंब गळत होते. खड्डा खणणाऱ्यांत कोठीची किल्ली सांभाळणारा तो कामगार होता, कमरेएवढ्या खोलीत उतरून फावड्याने लाल माती वर टाकत. मला पाहून त्याने मान लववली. किल्ली खिळ्याला लावून जायला हवी होती, हे माझे मत त्या क्षणीही बदलले नाही आणि आजही बदललेले नाही. पण फेब्रुवारीत तो ज्या मयतीला गेला होता तिथेही तो असाच खड्ड्यात उतरला असणार, आणि तो गेला नसता तर खणणाऱ्यांत एक माणूस कमी पडला असता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला त्या एकमेकींत बसवता आल्या नाहीत.

आणखी एक किल्ली करून नवजात कक्षातल्या खिळ्याला लावायला चार महिने लागले. तीन सह्या, एक ठराव, कुलूप बदलणे. फेब्रुवारीत मागितलेली किल्ली मयतीनंतरच्या आठवड्यात आली. सिस्टरने तिला तांबडी दोरी बांधली.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी परत निघाले. आदल्या संध्याकाळी सिस्टर माझ्या घरी आली, वाळवलेल्या नांदोलोची एक पिशवी घेऊन. मी ठरवून ठेवले होते. इंग्रजीत, सावकाश, अर्थाचा काही घोटाळा राहू नये म्हणून पूर्ण वाक्य करून मी तिला म्हणाले, की त्या रात्री मी सर्वांसमोर तुझ्यावर ओरडले, ते चुकीचे होते आणि त्यासाठी मला तुझी क्षमा मागायची आहे.

तिने विचारले, "कोणती रात्र?"

ती आठवण्याचा खरोखरच प्रयत्न करत होती. मी सांगितले, गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, वीज गेली होती, दोन बाळे यंत्रावर होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने त्या बाळाच्या आईचे नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, आजीचेही सांगितले. ती त्या दोघींबद्दल बोलत असताना मी मनात शोधत होते, आणि त्यांतले एकही नाव मला आठवत नव्हते.

"ती परत आली होती," सिस्टर म्हणाली. "मागच्याच महिन्यात. मुलगी झाली, दोन हजार नऊशे ग्रॅम. तुम्ही परमिटच्या कामासाठी शहरात गेला होता त्या आठवड्यात. तिने तुमची चौकशी केली. अडोकोटाला कशा आहेत, म्हणाली. मी सांगितलं, बऱ्या आहेत."

मग तिने पिशवीचे तोंड उघडून दाखवले आणि नांदोलो रात्रभर भिजत घालायचे, साल काढायची नाही, असे मला दोनदा बजावले.